चारोटीला सगळे एकदम पोहोचतात तेव्हा

थंडीच्या दिवसांत एखाद्या रविवारी सकाळी आठच्या सुमाराला चारोटी नाक्यावर उभं राहिलं, की मुंबई, ठाणे, वसईकडून अंधारात निघालेले सायकलवाले येऊ लागतात. कोणता ग्रुप चांगला हे ठरवायला त्यांच्या सायकलींकडे बघायची गरज नाही. पहिला आणि शेवटचा यांच्यात किती वेळ जातो तेवढं बघावं. काही ग्रुपांत पहिला येतो, चहा पितो, दुसरा चहा सांगतो, वेगाचे आकडे मोबाइलवर चढवतो, आणि अर्ध्या तासाने एक लालबुंद चेहरा एकटाच येऊन थांबतो. तो आला की बाकीचे उठतात. “चला, आला. निघू या.” ज्याला विश्रांतीची सगळ्यांत जास्त गरज होती, त्यालाच ती मिळत नाही. पुढच्या रविवारी तो येत नाही आणि ग्रुपमध्ये कुणीतरी म्हणतं, “त्याला जमलं नाही.”

माझ्या मते जमलं नाही ते ग्रुपला. सायकल सगळ्यांना येते, पण दहा जणांनी मिळून चालवायची सायकल हे वेगळं काम आहे आणि ते शिकावं लागतं. आधी जुन्यांनी.

चारोटीच का

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर (पूर्वीचा क्रमांक ८, आताचा ४८) डहाणू तालुक्यातलं हे नाक्याचं गाव. दक्षिणेला मनोर, उत्तरेला तलासरी आणि पुढे गुजरातची हद्द. पश्चिमेला गंजाड, आशागडवरून डहाणू पंचवीसेक किलोमीटर. पूर्वेला तीन-चार किलोमीटरवर कासा, तिथून रस्ता जव्हारच्या डोंगरात चढतो. मुंबईच्या पश्चिम उपनगरांतून चारोटी, कुठून निघता त्याप्रमाणे, नव्वद ते एकशे दहा किलोमीटर भरतं. जाऊन-येऊन दोनशे. लांब पल्ल्याच्या सायकलवाल्यांच्या परीक्षांमध्ये दोनशे ही पहिली इयत्ता, म्हणून चारोटीचा नाका मुंबईच्या कितीतरी जणांना स्वतःच्या गावच्या एसटी स्टँडइतका ओळखीचा झाला आहे.

पण मला या जागेचं महत्त्व निराळ्या कारणासाठी वाटतं. इथे एकाच नाक्यावर दोन प्रकारचे रस्ते मिळतात. महामार्ग, जिथे चूक केलेली चालत नाही. आणि डहाणूचा किंवा कासाचा रस्ता, जिथे सकाळच्या वेळी थोडं चुकत-माकत शिकता येतं. ग्रुपमधलं बहुतेक शिक्षण या दोन रस्त्यांची गल्लत केल्यामुळे बिघडतं.

कप्तानाची जुनी पद्धत

सामूहिक सायकल-प्रवासाला नियमांत बसवण्याचा एक जुना प्रयत्न इटलीतला. १८९७ च्या जून महिन्यात काही इटालियन सायकलस्वार रोमहून नेपल्सला निघाले. अंतर दोनशे तीस किलोमीटर, अट अशी की सूर्य मावळायच्या आत पोहोचायचं. त्यांच्या धाडसाला ‘ऑडॅक्स’ हे लॅटिन नाव मिळालं. त्याचा अर्थच धाडसी. १९०४ मध्ये आंरी देग्रांज यांनी ही कल्पना फ्रान्समध्ये रुजवली. ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत त्यांनी आदल्याच वर्षी सुरू केली होती. पण ऑडॅक्स ही शर्यत नव्हती. सगळ्यांच्या पुढे एक कप्तान असायचा. त्याने ठरलेला वेग धरायचा, बाकीच्यांनी त्याच्या मागे राहायचं, त्याला ओलांडायचं नाही. हा वेग पुढे ताशी २२.५ किलोमीटर असा ठरून गेला.

१९२१ मध्ये ‘ऑडॅक्स क्लब पारिझियां’ या संस्थेने वेगळी वाट धरली: ज्याने त्याने आपल्या वेगाने जावं, फक्त ठरलेल्या वेळेत पोहोचावं. आपल्याकडे ‘बीआरएम’ किंवा ‘ब्रेवे’ म्हणतात त्या राइड या दुसऱ्या परंपरेतल्या. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास, तीनशेला वीस, चारशेला सत्तावीस, सहाशेला चाळीस. पंक्चर स्वतः काढायचं, खाणं स्वतः बघायचं, मदतीची गाडी वाटेत मागेपुढे ठेवायची नाही.

आता गंमत अशी, की आपले रविवारचे ग्रुप राहतात ब्रेवेच्या मनोवृत्तीत आणि नाव घेतात ग्रुपचं. प्रत्येक जण स्वतःच्या घड्याळाशी बोलत असतो. ब्रेवेत ते रास्तच आहे. पण “सगळे मिळून चारोटीला जाऊ” असं म्हणून सहा जणांना बोलावलं असेल, तर शंभर वर्षांपूर्वीचा तो कप्तान परत आणायला हवा. निघण्याआधी वेग सांगायचा (“सपाटीला बावीस, चढाला ज्याला जसं जमेल तसं, वर थांबायचं”), थांबे सांगायचे, पुढे कोण आणि सगळ्यांत शेवटी कोण हे ठरवायचं. शेवटच्याला आपल्याकडे ‘स्वीप’ म्हणतात. स्वीपच्या मागे कुणी राहायचं नाही, एवढा एकच नियम पाळला तरी अर्ध्या तक्रारी संपतात. बहुतेक ग्रुप सगळ्यांत दमदार माणसाला पुढे लावतात. मी त्याला स्वीप करतो. त्याच्या पायांत इतकी शिल्लक असते की तो मागे थांबून कुणाची चेन बसवून पुन्हा ग्रुपला गाठू शकतो.

वाऱ्याचा हिशोब

ग्रुपमध्ये चालवण्याचं मूळ कारण वारा. सपाट रस्त्यावर ताशी पंचवीस-तीसच्या वेगात सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याविरुद्ध लागणारी ताकद घनाच्या प्रमाणात. वीसवरून तीसवर जायचं म्हणजे वेग दीडपट, पण फक्त हवेशी भांडायला लागणारी ताकद तिपटीहून जास्त. नव्या माणसाला हे कुणी सांगत नाही. त्याला वाटतं, पुढचे आपल्यापेक्षा थोडेसेच तर पुढे आहेत, जरा जोर लावला की गाठू. त्या ‘जरा’मध्ये त्याचा सगळा दिवस खर्च होतो.

दुसऱ्याच्या चाकामागे नीट राहिलं तर या वेगांना वीस ते तीस टक्के मेहनत वाचते. शर्यतींच्या मोठ्या झुंडीत तर आणखी जास्त. बेल्जियमचे संशोधक बर्ट ब्लॉकेन यांनी २०१८ मध्ये १२१ सायकलस्वारांची झुंड अभ्यासली, तेव्हा आतल्या भागातल्यांना एकट्या स्वाराच्या तुलनेत पाच ते दहा टक्केच हवेचा विरोध सोसावा लागतो असं दिसलं. आपल्या आठ-दहा जणांच्या ओळीत इतकं काही होत नाही. तरी चारोटीहून परतताना मनोरच्या अलीकडे ज्याच्या मांड्या भरून आल्या आहेत, त्याला पुढचं एक चाक म्हणजे सावली असते.

आपल्या भागातली एक खास गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. किनाऱ्याजवळ असल्यामुळे दिवस चढला की समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून वारा सुटतो. महामार्ग दक्षिणोत्तर. उत्तरेला जाताना हा वारा डावीकडून लागतो, मग त्याच्यापासून आडोसा पुढच्याच्या उजव्या बाजूला, म्हणजे ट्रकांच्या बाजूला मिळतो. युरोपातले स्वार आडव्या वाऱ्यात तिरकी रांग धरतात. ती पाहून कुणी इथे उजवीकडे सरकू लागला तर त्याला लगेच परत ओळीत घ्यावं. दक्षिणेला येताना तोच वारा उजवीकडून असतो आणि आडोसा साइडपट्टीच्या बाजूला पडतो, ते सुरक्षित. डहाणूला निघालात तर दुपारी वारा थेट तोंडावर, आणि तिथेच नव्याला चाकाचा खरा फायदा कळतो.

ओळीत चालवायचं म्हणजे

वारली माणसांचा तारपा नाच ज्यांनी पाहिला आहे त्यांना ओळ म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. कमरेला हात गुंफलेली साखळी तारपा हे वाद्य वाजवणाऱ्याच्या वळणाने वळते, त्याच्याकडे पाठ करत नाही, आणि सूर बदलला की पावलं बदलतात. मध्येच कुणी आपल्या मनाने उडी मारत नाही. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांमुळे ही साखळी जगभर गेली. सायकलची ओळ अशीच लागते, फक्त इथे कमरेला हात नसतो आणि पडलं तर रस्ता कडक असतो.

ताशी तीसच्या वेगात सायकल सेकंदाला आठ मीटरपेक्षा जास्त जाते. पुढच्याचं मागचं चाक अर्ध्या मीटरवर असेल, तर त्याने ब्रेक दाबल्यावर तुमच्या मेंदूला ते कळेपर्यंतच टक्कर झालेली असते. म्हणून ओळीत पुढच्याने ब्रेक अचानक दाबायचा नाही. पॅडल मारणं थांबवायचं, अंग थोडं उचलून वाऱ्याला छाती द्यायची, वेग आपोआप उतरतो. मागच्यानेही डोळे पुढच्याच्या चाकावर खिळवायचे नाहीत. त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघायचं, चाक नजरेच्या कोपऱ्यात ठेवायचं. चाकाकडे टक लावून बघणारा माणूस खड्डा सगळ्यांत शेवटी बघतो.

सगळ्यांत धोक्याची चूक म्हणजे चाकात चाक शिरवणं. तुमचं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला आलं, आणि तो एक वीतभर सरकला, की चाकं घासतात. आणि पडतो नेहमी मागचा. मी असाच एकदा कासाच्या रस्त्यावर पडलो होतो. पुढे होती ती माझी मैत्रीण, एका दगडाला चुकवायला ती जराशी सरकली. तिला काही कळलंसुद्धा नाही. चूक संपूर्ण माझी होती आणि मी गुडघ्याला हळद लावून घरी जाईपर्यंत तिच्यावरच रागावलो होतो.

चढावर पॅडलवर उभं राहतानाही सांभाळावं. बसलेला माणूस उठतो तेव्हा सायकल क्षणभर मागे येते, हातभर तरी. उठण्याआधी एक पॅडल जोराने दाबून मग उठायचं, म्हणजे मागच्याच्या तोंडावर चाक येत नाही.

हाका आणि खुणा

ओळीतल्या शेवटच्याला रस्ता दिसत नाही, त्याला पुढच्यांच्या पाठी दिसतात. म्हणून पहिल्याने पाहिलेलं शेवटपर्यंत पोहोचवायचं. डावीकडे खड्डा असेल तर डावा हात खाली करून बोट दाखवायचं. साइडपट्टीवर ट्रक उभा असेल तर डावा हात पाठीमागे नेऊन उजवीकडे सरकण्याची खूण. थांबायचं असेल तर पंजा वर. मागून येणाऱ्या गाडीची हाक मात्र शेवटच्याकडून पुढे जाते: “गाडी!” प्रत्येकाने ती पुढे द्यायची. माझ्या पाहण्यात हाक बहुतेक तिसऱ्या माणसावर अडते, कारण त्याला वाटतं आपल्याला ऐकू आलं म्हणजे सगळ्यांना आलं.

खूण करायला हात सोडणं ज्याला जमत नाही त्याने तोंडाने ओरडावं. नव्याने भीतीपोटी हात सोडला नाही तर त्याला कुणी हसू नये. आणि प्रत्येक खडा, प्रत्येक पान दाखवणारा हौशी माणूस असतो, त्याला समजावून सांगावं: दर दहा सेकंदांनी हात हलला की खऱ्या खड्ड्याला कुणी बघत नाही.

महामार्गावर

इथे माझं मत ठाम आहे. नव्या माणसाला महामार्गावर चाकामागे राहायला शिकवू नये. त्याला पाच-सहा मीटर अंतर ठेवू द्यावं, वारा खाऊ द्यावा. वाऱ्याने माणूस दमतो, एवढंच.

कारण हा रस्ता दर किलोमीटरला काहीतरी नवं समोर आणतो. ढाब्यांसमोर साइडपट्टीवर ओळीने उभे ट्रक. त्याच साइडपट्टीवरून राँग साइडने येणारी मोटारसायकल, तीही तिघांना घेऊन. तिठ्यांआधीचे खडबडीत पट्टे, ज्यांवर हँडल धरणारे हात बधिर होतात. गेल्या काही वर्षांत दहिसर ते तलासरीच्या पट्ट्यात डांबरावर काँक्रीटचा थर चढवला गेला आहे. जिथे नवा थर आणि जुनी कड यांच्यात पायरी राहते, तिथे सायकलचं अरुंद टायर तिरकं चढवलं तर घसरतं. ती पायरी सरळ काटकोनात, वेग कमी करून ओलांडायची, नाहीतर ओलांडायचीच नाही. मेंढवण खिंडीत उतार आणि वळण एकत्र येतात. तिथे ओळ मोडून प्रत्येकाने भरपूर अंतर घ्यावं आणि खाली सपाटीला पुन्हा जुळावं.

पुलांचं विशेष सांगायला हवं. चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ रोजी झालेल्या मोटार अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि जहांगीर पांडोल यांचा मृत्यू झाला. रस्त्याचे तीन पदर पुलाशी आखडून दोन होतात, ही गोष्ट त्यानंतर सगळीकडे चर्चेत आली. सायकलवाल्याला पुलाचा धोका रोजचाच असतो: पुलावर साइडपट्टी संपते आणि आपण नको असताना मुख्य पदरात येतो. पूल दिसला की शंभर मीटर आधी एकेरी ओळ, मागे वळून पाहणं, मोठी गाडी जवळ असेल तर सरळ थांबून तिला जाऊ देणं. पुलावर गप्पा नाहीत, पाणी पिणं नाही, फोटो नाही.

ओळीत सहा-आठपेक्षा जास्त नसावेत. जास्त असतील तर दोन तुकड्या करून मध्ये ट्रक मावेल एवढी जागा सोडावी. पुढचा बदलायचा असेल तर तो थांब्यावर बदलावा. चालत्या महामार्गावर आघाडी बदलण्याचा खेळ मला कधीच पटला नाही. पहाटे अंधारात निघता तेव्हा मागचा लाल दिवा स्थिर ठेवावा. लुकलुकणारा दिवा दोन मीटरवरून तासभर डोळ्यांत घेतलेल्या माणसाला तुमचं सायकल-प्रेम समजत नाही. परावर्तक जाकीट, हेल्मेट, पुढचा दिवा किंचित खाली झुकवलेला, यांवर चर्चाच नको.

नव्याला कुठे ठेवायचं

बहुतेक ठिकाणी नवा माणूस आपण होऊन शेवटी जातो. त्याला वाटतं आपण कुणाच्या मध्ये येऊ नये. पण शेवटची जागा सगळ्यांत अवघड असते, आणि का, ते आकड्यांत मांडून बघण्यासारखं आहे.

दहा जणांची ओळ, प्रत्येकाला तीन मीटर धरले तर लांबी तीस मीटर. समोर गतिरोधक. सगळे ताशी बाराच्या वेगाने तो ओलांडतात. पहिला ओलांडून गेल्यावर शेवटचा तिथे पोहोचायला नऊ सेकंद लागतात. पहिल्याने ओलांडताच लगेच अठ्ठावीसचा वेग धरला, तर त्या नऊ सेकंदांत तो सत्तर मीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे शेवटचा ओळीपासून चाळीस मीटर तुटला. ते अंतर भरायला त्याने बत्तीसच्या वेगाने अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ पळायचं, तेही एकट्याने, वारा अंगावर घेत. गावाच्या रस्त्यावर असे पंधरा गतिरोधक झाले की त्याने पंधरा छोट्या शर्यती केल्या. आणि पुढचा म्हणतो, “आपण तर आरामात चाललो होतो!” तो खरंच आरामात होता.

उपाय साधा आहे. गतिरोधक, वळण किंवा सिग्नल ओलांडल्यावर पहिल्याने मनातल्या मनात दहा मोजायचे आणि मग हळूहळू वेग धरायचा. आणि नव्याला दुसऱ्या किंवा तिसऱ्या जागेवर घ्यायचं, एखाद्या संथ, नाकासमोर चालवणाऱ्या माणसाच्या मागे. असा माणूस प्रत्येक ग्रुपमध्ये एखादा असतो. बहुधा वयाने पन्नाशीच्या पुढचा, सायकल जुनी, बोलणं कमी. तो दिसला की त्याला नव्यासाठी राखून ठेवा.

नव्याची पुढे राहण्याची पाळी आली तर ती मिनिटभराचीच असावी. पुढे आल्यावर लोक हमखास वेग वाढवतात, आपण ओझं नाही हे दाखवायला. त्याला आधीच सांगावं, की वेगाच्या आकड्याकडे बघू नकोस, पाय आत्ता जेवढं बोलताहेत तेवढंच बोलू देत. आणि दोघं शेजारी चालत असताना सारखं अर्धं चाक पुढे राहणारा जो महाभाग असतो, त्याला ग्रुपप्रमुखाने एकदा बाजूला घ्यावं. शेजाऱ्याला नकळत पळवत ठेवण्याचा तो प्रकार आहे.

शिकवायचं काय आणि किती

एका राइडला एक गोष्ट. जास्त नाही. नाक्यावर पाच जण एका नव्या मुलीभोवती उभे राहून सीटची उंची, गिअर, बूट, श्वास आणि आहार एकाच वेळी सांगत होते, हे दृश्य मी पाहिलं आहे. ती हसून मान हलवत होती आणि एकही शब्द तिच्यापर्यंत पोहोचत नव्हता. न मागता दिलेला सल्ला पुरुष बायकांना जरा जास्तच देतात, हेही नोंदवून ठेवतो.

पहिल्यांदा शिकवण्यासारखी गोष्ट गिअर. नवा माणूस जड गिअरवर चालवतो, पाय मिनिटाला पन्नास-साठ वेळा फिरतात, गुडघे बोलायला लागतात. हलक्या गिअरवर ऐंशी-नव्वद फेऱ्या सुरुवातीला हास्यास्पद वाटतात, पण चारोटीहून परत येताना त्यांचं महत्त्व कळतं. चढ सुरू होण्याआधी गिअर उतरवायचा. चढात जोर लावत असताना बदलला तर चेन कुरकुरते, कधी सुटते.

मग रेषा. कासाच्या सपाट, मोकळ्या पट्ट्यावर, रहदारी नसताना, रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीवर दोनशे मीटर सायकल सरळ चालवायची. ते जमलं की मागे वळून बघत चालवायची. मग बाटली काढून पाणी पीत. ही तीन कामं करताना सायकल हातभर सरकत नाही, असा माणूस चाकामागे राहायला तयार झाला. ज्याची सरकते त्याच्या मागे आपणच राहू नये.

खाणं. भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो. सुरुवातीपासून दर अर्ध्या-पाऊण तासाने थोडंथोडं. यासाठी महागडी पाकिटं हवीत असं काही नाही. डहाणू-घोलवडचा चिकू (२०१६ पासून त्याला भौगोलिक मानांकन आहे) हिवाळ्यात नाक्यावर मिळतो, त्यात साखर भरपूर आणि सोबत केळं. उन्हाळा जवळ आला की नुसतं पाणी पुरत नाही, मीठ-साखर लागते. फेब्रुवारीच्या अखेरीपासून इथे अकराच्या पुढे रस्ता तापतो, त्यामुळे परतीचं गणित उलटं मांडावं: घरी किती वाजता पोहोचायचं ते आधी, निघायची वेळ मग.

पंक्चर झालं तर जुन्यांनी पुढे होऊन ते काढून देऊ नये. सावलीला थांबावं, पंप हातात द्यावा आणि ट्यूब त्यालाच बदलू द्यावी, पाऊण तास लागला तरी. ज्या दिवशी तो एकटा असेल त्या दिवशी ते त्याच्या कामी येतं. फक्त एक सांगावं: नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरव, काच किंवा तार तशीच आत असते.

चढावर पाठीला हात लावून ढकलायचं असेल तर आधी विचारावं. ज्याची सायकल साधी आहे, त्याच्या सायकलीवर बोलू नये. आणि थांबे ठरवताना शौचालय आहे अशी जागा बघावी. पुरुष आडोसा शोधतात आणि मोकळे होतात, बायका पाणी पिणंच बंद करतात. त्यानंतर त्या का दमल्या याची चर्चा होते.

वाटेवरची माणसं

डहाणूच्या किंवा कासाच्या रस्त्यावर आपण पाहुणे असतो. डोक्यावर मोळी घेतलेल्या बाया रस्त्याच्या कडेने चालतात. त्यांच्या मागून गुपचूप येऊन ओरडायचं नाही, लांबूनच घंटी वाजवायची. रंगीत कपडे, काळे गॉगल आणि मागून सूंकन जाणारी आठ चाकं यांची भीती वाटते हे त्यांनी बोलून दाखवलं नाही तरी दिसतं. परवानगीशिवाय फोटो घ्यायचा नाही. शाळेच्या वेळी मुलं जड, गिअर नसलेल्या सायकलींवर दोघं-दोघं बसून येतात आणि आपल्याशी शर्यत लावतात. लावू द्यावी. सरळ रेषेत चालवण्याच्या बाबतीत त्यांच्यातल्या कित्येकांकडून आपण शिकावं.

चारोटीहून चार किलोमीटरवर विवळवेढ्याची महालक्ष्मी महामार्गालगतच आहे. चैत्र पौर्णिमेपासून पंधरा दिवस तिची यात्रा भरते, तेव्हा माणसं चालत, टेम्पोतून, बैलगाडीतूनही येतात. त्या पंधरवड्यात ग्रुपने तिकडची राइड ठेवू नये. ठेवलीच तर दर्शनाला जावं, वेगाला नाही.

अर्ध्यातून परत

ब्रेवेत ज्याने सोडलं त्याच्या नावापुढे ‘डीएनएफ’ (‘डिड नॉट फिनिश’, म्हणजे पूर्ण केली नाही) लागतं. रविवारच्या राइडला असलं काही लावू नये. नव्याच्या चेहऱ्यावरचा घाम अचानक वाळला, तो बोलेनासा झाला, साध्या प्रश्नाला उत्तर देताना थांबू लागला, तर त्याला “अजून थोडंच” असं सांगणं हा गुन्हा समजावा. मुंबई त्याच्यासाठी अजून शंभर किलोमीटर असते.

चारोटीला त्यासाठी चांगली सोय आहे. पंचवीस किलोमीटरवर डहाणू रोड स्टेशन, आणि २०१३ पासून तिथपर्यंत लोकल येते. सायकलसाठी मालडब्याचा नियम आणि सामानाचं तिकीट खिडकीवर विचारून घ्यावं, गर्दीच्या वेळा टाळाव्यात. तो रस्ता सायकलने झेपत नसेल तर नाक्यावर टेम्पो मिळतो, दोन सायकली मागे सहज मावतात.

दोन म्हणतोय, कारण त्याला एकट्याला पाठवायचं नाही. ग्रुपमधल्या कुणीतरी एकाने त्या दिवशीचे दोनशे सोडायचे. आमच्याकडे ही पाळी असते, निघायच्या आधीच ठरलेली, म्हणजे नाक्यावर एकमेकांकडे बघत उभं राहावं लागत नाही. मागच्या हिवाळ्यात एकदा ती माझ्यावर आली. आशागडच्या पुढे आम्ही टेम्पोत मागे बसलो होतो, सायकली दोरीने बांधलेल्या, आणि ज्याला मी सोबत करत होतो तो मुलगा ओशाळून गप्प होता. मग त्याने विचारलं, “काका, चढाच्या आधी गिअर नेमका केव्हा टाकायचा?” स्टेशन येईपर्यंत आम्ही तेवढंच बोलत होतो.